फोटोत राऊत एकच उरला

माझ्या चुलत्याने माझ्या आत्याचा मान खाल्ला, चुलतभावाने तो नागपूरला पोहोचवला आणि राऊतांच्या मंडळाने त्यावर हार घातला. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी तर्री-पोह्यांचं आणि कन्हान नदीचं कौतुक करायला लागले की बाई विसरली असं कुणाला वाटायचं. मी विसरत नाही. मिरजेत ज्यांनी माझ्याशी व्यवहार केलाय त्यांना हे ठाऊक आहे.

मी जुन्या भांड्यांची व्यापारी. एखादं हॉटेल बंद पडलं, मंगल कार्यालय विकायला निघालं, की तिथल्या कढया, भट्ट्या, फ्रीज मी उचलते आणि घासूनपुसून नव्या हौशी माणसाच्या गळ्यात घालते. वडिलांनी मागे काही ठेवलं नाही, आडनाव तेवढं ठेवलं. लग्न झालं, मोडलं, आणि मी दुकानावर 'राऊत' अशी पाटी लावली ती आजतागायत तिथे आहे. त्यामुळे नागपुरात राऊत आडनावाच्या माणसांचं संमेलन भरतंय, सगळ्या जातींचे आणि सगळ्या मुलखांचे राऊत एका छताखाली येणार, नामवंत राऊतांच्या फोटोंची एक भिंत लागणार, असं कळल्यावर मी दुकान बंद केलं आणि निघाले. दुसरं कारण त्याहून मोठं. नागपुरात माझी अंजनाआत्या राहते आणि तिचा फोटो त्या भिंतीवर लागणार होता.

बेसा

स्टेशनाबाहेर ऑटोवाल्याने जो आकडा सांगितला त्यात आमच्याकडे माणूस बायकोसकट जोतिबाला जाऊन येतो. मी निम्म्यावर आणलं. तो हसला आणि गुपचूप बसला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. अर्ध्या वाटेत त्याने एका टपरीपुढे ऑटो थांबवला. पोहे खाल्ल्याशिवाय नागपुरात शिरायचं नसतं, म्हणाला. पिवळे पोहे, त्यावर चण्यांची लालभडक तर्री. मी सांगलीकडची, तिखटाला काय भिते? दुसऱ्या घासाला माझ्या नाकातून आणि डोळ्यांतून एकदमच धारा लागल्या.

"काहून ताई, डोयात पाणी येऊन राह्यलं?" तो म्हणाला. "भाव करतानी तं नव्हतं आलं."

मी दुसरी प्लेट मागवली. हरायचं नाही म्हणून मागवली आणि संपेपर्यंत खरंच आवडली. आमच्याकडचा तिखटपणा घसा धरतो, इकडचा आधी जिभेशी गोड बोलतो आणि मग मागून येऊन पकडतो. धंदा करणाऱ्याने हे शिकून घ्यावं.

बेसा शहराच्या दक्षिण टोकाला आहे. शेतं नुकतीच संपलीत आणि इमारती नुकत्याच उभ्या राहिल्यात. तिथे आत्या नातवाच्या घरी राहते. ऐंशी केव्हाच ओलांडली, गुडघे गेले, आवाज मात्र तसाच. विशीच्या आत लग्न होऊन ती इकडे आली, तेव्हापासून ढोबळ्यांच्या घरात. तिच्या बोलण्यात आता मिरज शोधावी लागते. मला पाहताच म्हणाली, "आली का वं सिंधू? जाड झाली. बरं केलं."

आत्या खो-खो खेळायची. माझ्या लहानपणी घरातल्या बायका हे कुजबुजत सांगायच्या, एखादीला देवी येऊन गेल्यासारखं. जिल्ह्याच्या मोठ्या स्पर्धेत ती मुलींच्या संघाची कर्णधार होती. शेवटच्या सामन्यात समोरच्या संघाने एकीमागून एक खो देत पाठलाग केला, पण पूर्ण पाळीत ती कुणाच्या हाती लागली नाही. खांबाला धरून अशी गिरकी घ्यायची की मागची पोरगी पुढे निघून जायची. कप मिळाला, संघाचा फोटो निघाला, आणि महिन्याभरात आत्याचं लग्न झालं. फोटो माझ्या चुलत्याच्या, म्हणजे तात्याच्या सोप्यात लागला. आत्या नागपुरात आली आणि तिने तो फोटो कधी पाहिलाच नाही. माहेरी गेली तेव्हा कधी सोप्याला रंग चालू असायचा, कधी फोटो माळ्यावर असायचा. तात्या गेल्यावर तो तात्याच्या मुलाकडे, विलासकडे आला. आणि आता विलासने आत्याला फोन करून सांगितलं होतं की तो फोटो आपण नागपूरच्या भिंतीवर लावलाय.

आत्याने साडी इस्त्रीला दिली होती. मला जवळ बोलावून तिने विचारलं, "मी कशी दिसून राह्यली असन वं त्यात?" ऐंशी पार केलेल्या बाईला आपला तरुणपणचा चेहरा पाहायचा होता. बाकी तिला काही नको होतं.

भिंत

पहिल्या दिवशी मी एकटीच सभागृहात गेले, जागा बघून ठेवायला. आणि आता खरं सांगायचं तर मी हरखून गेले. दारात कुणीतरी "राऊत साहेब!" अशी हाक मारली आणि अख्खं सभागृह वळलं. आयुष्यभर मला वाटायचं की आम्ही राऊत म्हणजे मिरजेच्या आसपासची चार घरं. इथे वसईचे राऊत होते, अमरावतीचे होते, भंडाऱ्याचे, सोलापूरचे होते. माळी होते, कुणबी होते, बौद्ध होते. एकाच्या कपाळाला गंध, एकाच्या गळ्यात क्रूस. आणि सगळ्यांच्या छातीवर एकच आडनाव.

नावनोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "सासरच्या राऊत की माहेरच्या?"

म्हटलं, दुकानाच्या. त्यांना कळेना. सुनांना केशरी बिल्ला होता, लग्न करून गेलेल्या मुलींना गुलाबी, त्यावर 'माहेरवाशीण'. माझ्यासाठी रंगच नव्हता. शेवटी त्यांनी मला कार्यकर्त्यांचा हिरवा बिल्ला लावला आणि तिथून पुढे दोन दिवस लोक मला पिण्याचं पाणी कुठे आहे ते विचारत राहिले.

आडनावाच्या अर्थावरून तिथे जुंपलीच होती. पुण्याहून आलेले एक गृहस्थ ठासून सांगत होते की राजपुत्र या शब्दाचं घासून घासून राऊत झालं, आणि राऊत म्हणजे घोडेस्वार, लढवय्या. लोक खूश. त्यांच्या शेजारचा कन्हानकडचा दूधवाला मात्र गप्प बसेना. आमच्याकडे आणि तिकडे छत्तीसगडात राऊत म्हणजे गाई चारणारा, असं त्याचं म्हणणं. "घोड्यावर बसून पाह्यलं का कधी जी तुम्ही?" त्याने विचारलं. पुणेकर म्हणाले, मुद्दा तो नाही. "तोच तं आहे," दूधवाला म्हणाला. "मी म्हशीवर बसलो."

मी दूधवाल्याच्या बाजूने. आमच्या घरात घोडा कधी आला नाही, पण वडिलांची म्हैस मला आठवते. मात्र एक गोष्ट आवडली: दोघांनी भांडून झाल्यावर एकाच ताटलीतली संत्राबर्फी खाल्ली.

शेजारी नागपूरच्याच एक बौद्ध शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की छप्पन साली त्यांचे आजोबा दीक्षेला उभे राहिले. देव सोडले, जुने सण सोडले. आडनाव ठेवलं. म्हणाले, हे कुणी दिलं ते ठाऊक नाही, पण आता ते माझं आहे. मी त्यांचा हात हातात घेतला. धर्म बदलला तरी माणसाचं आडनाव जागच्या जागी राहतं हे मी तेव्हा ऐकलं. लग्नाने काय होतं ते पाच मिनिटांनी भिंतीपुढे पाहिलं.

भिंत सुंदर होती, नाकारणार नाही. ओढ्यावर स्वतः झुलता पूल बांधणारे एक राऊत. मोहाच्या फुलांचे लाडू दूरदेशी पोहोचवणारे एक. पंचक्रोशीत कुणाच्याही विहिरीत उडी मारून बुडणाऱ्याला वर काढणारे एक, आणि त्यांच्या फोटोत मागे वर काढलेल्यांपैकी तिघे हसत उभे. एक न्यायाधीश बाई, राऊतांची सून. मी आनंदाने एकेक पाहत पुढे सरकत होते आणि आत्या समोर आली.

मांडीवर कप. बाराजणींच्या मधोमध. तात्याची खाकी हाफपॅन्ट घालून, पाय फाकून बसलेली, आणि कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की तो पळाला तर पकडीन. अगदी कडेला कोट घातलेला तात्या, एक हात खांबावर. खाली लिहिलेलं: 'क्रीडामहर्षी कै. तात्यासाहेब राऊत, ज्यांनी मुलींचा खो-खो संघ घडवला.' मुलींपैकी एकीचंही नाव नाही. तात्याला हार.

विलास मागेच उभा होता, जाकीट घालून. शेवटच्या दिवशी तात्याला मरणोत्तर मानपत्र आहे आणि ते तो घेणार आहे, हे त्याने मला आनंदाने सांगितलं. मी त्याला काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. तो म्हणाला, हळू बोल, लोक बघतात. म्हटलं, बघू देत, सगळे राऊतच आहेत.

वाडी आणि कन्हान

राग आला की मी खरेदी करते, म्हणजे समोरच्याचं नुकसान होतं आणि डोकं शांत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावती रस्त्यावर वाडीला गेले. गोदामांना गोदामं लागून, ट्रकांच्या रांगा, धुळीत चहा. तिथे एका बंद पडलेल्या खाणावळीची भांडी निघाली होती. मालक 'गंज घ्या, गंज घ्या' म्हणत होता. आमच्याकडे लोखंडाला गंज चढतो, इकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. तीन उत्तम गंज घेतले. मालक शेवटी म्हणाला की ताई, तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर मी गावाकडे जातो. हातात धार आहे याची खात्री झाली आणि मी कन्हानची वाट धरली. मंडळाचे अध्यक्ष बाबारावजी तिथे राहतात आणि संमेलनाच्या दिवसांतही दुपारी जेवायला घरीच येतात, असं कळलं होतं.

नदी मला फार आवडली. आमची कृष्णा पोट भरल्यासारखी वाहते. कन्हान हिवाळ्यात वाळूत अंग पसरून पडलेली असते, मधून पाण्याची निळी रेघ. पुलावरून कोळशाचे ट्रक जात होते. बाबारावजींचं घर पुलापासून जवळच. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, उंच, सौम्य गृहस्थ. भांडायला अशी माणसं सगळ्यात वाईट. त्यांच्या पत्नीने मला आधी जेवायला बसवलं. पाटोडीचा रस्सा, म्हणजे झणझणीत रश्शात बेसनाच्या वड्या, आणि भाकरी. भरल्या पोटी माणूस भाव कमी करतो, म्हणून मी जपून खाल्लं, पण तो रस्सा जपून खाण्यासारखा नव्हता.

बाबारावजींनी कारण सांगितलं, आणि ते ऐकून मी घास हातात धरून बसले. भिंतीवर माणसाचं आजचं नाव लिहायचं, असा नियम. सुना आज राऊत आहेत, म्हणून त्या भिंतीवर. मुली आज दुसऱ्या घरच्या, म्हणून नाहीत. त्यांचा मान साडी देऊन करायचा. विलासने फोटो पाठवला तेव्हा समितीने एकेक चेहरा विचारला. ही कोण? ही आता पाटील. ही? जाधव. कपवाली? ती ढोबळे.

"मंग फोटोत राऊत एकच उरला जी," बाबारावजी म्हणाले. "कोटवाला."

त्यांच्या तोंडावर लबाडी नव्हती. नियमाने वागलेल्या माणसाचं समाधान होतं. मी म्हटलं, तुमच्या न्यायाधीश सूनबाई कायदा शिकल्या तेव्हा राऊत होत्या का? नव्हत्या. मग ते शिक्षण त्यांच्या माहेरच्या भिंतीवर जाऊ द्या. आणि ढोबळ्यांचं कुळाचं पुस्तक निघालं तेव्हा आत्याच्या नातवाने तिचा खेळ त्यात घालाल का म्हणून विचारलं होतं. ते म्हणाले, खेळल्या तेव्हा त्या आमच्या नव्हत्या. आता सांगा, ती पळाली ते कुणाच्या खात्यात?

बाबारावजींनी टोपी काढून पुन्हा घातली. मुलगी दिली का ती त्या घरची, म्हणाले, हे काही मी केलेलं नाही.

तेव्हा आतून भाकरी घेऊन येणाऱ्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आपली पोरगी डॉक्टर झाली. गोंदियाले देली. तिचा फोटो कोणत्या भिंतीवर लावान जी?"

मी अशी संधी सोडत नाही. तासाभरात सौदा पटला: तात्याचं नाव राहील, पण त्याखाली आणखी एक ओळ येईल. 'कर्णधार : श्रीमती अंजना ढोबळे.' बाबारावजींनी माझ्यासमोर रंगाऱ्याला फोन केला. परतताना मी इतकी खुशीत होते की ऑटोवाल्याला सांगेल तेवढे दिले. विदर्भातली माझी ती एकमेव चूक म्हणावी, तर नाही. दुसरी तोवर करून झाली होती.

सभागृह

तिसऱ्या दिवशी आत्याला चाकाच्या खुर्चीतून भिंतीपुढे नेलं. इस्त्रीची साडी, केसांना तेल. खुर्चीतून पुढे वाकून तिने त्या कपवाल्या पोरीच्या गुडघ्यावर बोट ठेवलं, काचेवरून.

"पाय पाह्य वं," म्हणाली. "काय पाय होते."

मग ती एकेकीची नावं घेऊ लागली. ही कुसुम, हिला दम्याचा त्रास, तरी पळायची. ही शालन, खो द्यायला हात लावायच्या ऐवजी धपाटा घालायची. माणसं जमली, हसू लागली. दूधवाला आला, शिक्षिका आल्या. मी इतकी आनंदात होते की खालची ओळ तिने वाचायला घेतलेली मला दिसलीच नाही.

"ढोबळे कोण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आत्ते, तूच की. तुझं नाव लावून घेतलं मी. एवढं पटवायला किती झुंजावं लागलं.

"गंजाचा भाव करून राह्यली का तू?" आत्या म्हणाली. "ढोबळ्यांच्या घरी मी जलम काढला. चांगलं घर. पण ढोबळे म्हणून मी एक पाऊल पळाली नाही. पळाली ते राऊत."

मी निम्म्यावर तोडलं होतं, आणि ही वस्तू निम्मी करता येणारी नव्हती.

तेवढ्यात व्यासपीठावरून माहेरवाशिणींची नावं पुकारली जाऊ लागली. आत्याचं वय पाहून साडी तिच्याकडे खालीच आणली, बाबारावजींनी स्वतः, मागून विलास मानपत्राची पिशवी घेऊन. आत्याने साडीला हात लावला नाही. मी राऊत आहे, म्हणाली, पाहुणी नाही, घरच्या माणसाले कोणी साडी देऊन वाटे लावते का? विलासला ते लागलं. लोकांसमोर तो जरा चढ्या आवाजात म्हणाला की तात्यांनी परवानगी दिली नसती तर आत्या मैदानात उतरली असती का, त्या काळात?

आत्याने त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. ती कुणावर रागावत नाही, ते काम घरात माझं आहे.

"विलास, तुझा बाप मले घरी न्यायले आला होता. मी खिडकीतून त्याची चड्डी घेऊन पळाली होती. तो काठी घेऊन आला, तं मी कप घेऊन उभी. फोटोवाला म्हणे, हे कोण? तात्या म्हणे, मी भाऊ. मंग काठी टाकली, कोणाचा तरी कोट मागून घातला अन् खांबाले धरून उभा झाला."

दूधवाला पहिला हसला. मग सगळं सभागृह हसलं, न्यायाधीश सूनबाईसुद्धा, आणि आत्याही हसली. विलास हसला नाही. बाबारावजींचे डोळे भिंतीकडे गेले, मग बायकोकडे. ते म्हणाले की हा विषय समितीपुढे ठेवू, पुढच्या संमेलनाच्या वेळी बघू. आणि मग नावं पुढे पुकारली गेली, जेवणं झाली, आणि संध्याकाळी विलासने टाळ्यांच्या गजरात तात्याचं मानपत्र घेतलं. होय, त्यानंतरही घेतलं.

परत जाताना आत्याने मला ऑटो थांबवायला लावून संत्री घेतली आणि भाव मी करायचा नाही अशी ताकीद दिली. तिने स्वतः केला. माझ्यापेक्षा चांगला केला. तिचा चेहरा उजळलेला होता. तिने आपले पाय पाहिले होते. गाडीत सोललेली फोड माझ्या तोंडात घालत म्हणाली, झालं वं माझं, तू नको भांडू आता.

तिचं झालं असेल. माझं नाही.

मला मिरजेला येऊन बरेच दिवस झाले. तीन गंजांपैकी दोन विकले गेले. समितीची बैठक झाली का, हे विचारायला मी फोन करते तेव्हा बाबारावजी माझी प्रकृती विचारतात. विलास फोन उचलत नाही. फोटो अजून मंडळाच्या कार्यालयात तसाच लटकतोय, वर तात्या, खाली ढोबळे, आणि मध्ये बसलेली राऊतांची पोरगी अजून कुणाचीच नाही. ऐंशी ओलांडलेल्या बाईला पुढच्या संमेलनाचा वायदा करता? मी व्यापारी आहे. असा वायदा कोण करतं आणि कशासाठी करतं, मला शिकवू नका.

बाबारावजी, विलास, मला खुलासा पाठवू नका, मला तो नको आहे. दोघेही बेसाला जा. तो फोटो भिंतीवरून काढून बरोबर न्या. तिच्या खाटेजवळ खाली बसा, फोटो तिच्या मांडीवर ठेवा, आणि तिच्या तोंडावर सांगा: त्या दिवशी मैदानात कोणता राऊत पळाला?